घर हीच शाळा : जोडासांकोच्या ठाकुरवाड्यांतील दिनक्रम आणि ऋतुक्रम

मूल पांच-सहा वर्षांचें झालें कीं त्याच्या हातांत पाटी द्यावी, चांगला दिवस पाहून त्याला शाळेंत नेऊन बसवावें आणि पुढील दहा-बारा वर्षें त्याच्या शिक्षणाचा भार मास्तरांवर टाकून घरानें मोकळें व्हावें, ही रीत आज इतकी रूढ झाली आहे कीं, तिच्यावांचून दुसरी एखादी रीत असूं शकेल हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घर जेवूं घालतें आणि शाळा शिकविते, अशी ही कामाची वांटणी आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांत कलकत्त्यास असें एक मोठें कुटुंब होऊन गेलें कीं, ज्यानें ही वांटणी मनापासून कधींच मानिली नाहीं. त्या घरांतील मुलें शाळेंत जात होतीं, नाहीं असें नाहीं; पण शाळा हें त्यांच्या शिक्षणाचें एक लहानसें अंग होतें. खरें शिक्षण पहांटे घरीं सुरू होई आणि रात्रीं दिव्याखालीं घरींच संपे. हें कुटुंब म्हणजे जोडासांकोचे ठाकुर. बाहेरच्या जगांत टागोर या नांवानें तें ओळखलें जातें.

उत्तर कलकत्त्यांत चितपूर रस्त्यालगतच्या एका गल्लींत नीलमणि ठाकुर यांनीं १७८४ सालीं या वाड्याचा पाया घातला. त्यांचे नातू द्वारकानाथ यांनीं व्यापारांत अलोट संपत्ति मिळविली व राजवाड्याला शोभेल असें वैभव या घरांत आणिलें. द्वारकानाथांचे पुत्र देवेंद्रनाथ यांची वृत्ति मात्र निराळी. लोकांनीं त्यांना महर्षि म्हटलें. त्यांना व शारदादेवींना झालेल्या अपत्यांपैकीं चौदावें अपत्य म्हणजे रवींद्रनाथ. मुलगे, मुली, सुना, घरजांवई, नातवंडें, आश्रित नातेवाईक, आचारी, दायी, दरवान अशा माणसांनीं तो वाडा सदा गजबजलेला असे. अशा घरांत मुलें आपोआप वाढतात असें कोणास वाटेल. परंतु या घरांतील मुलांना आपोआप वाढूं देण्यांत आलें नाहीं, हेंच तेथील वैशिष्ट्य होय.

मुलांच्या शिक्षणाचीं सूत्रें तिसरे पुत्र हेमेंद्रनाथ यांच्या हातीं होतीं. त्यांचा जन्म १८४४ चा. मेडिकल कॉलेजांत त्यांनीं कांहीं काळ अभ्यास केला होता, त्यांना कुस्तीचा शोक होता आणि शिस्तीच्या बाबतींत ते कोणाची गय करीत नसत. कलकत्त्यांतील प्रतिष्ठित घराणीं मुलांच्या तोंडीं लवकर इंग्रजी बसावें म्हणून धडपडत असतां, या गृहस्थानें उलट नियम घातला. आधीं मातृभाषेचा पाया पक्का करावयाचा, मग त्यावर इंग्रजीची इमारत चढवावयाची. शास्त्र, भूगोल, गणित हे सर्व विषय मुलांनीं प्रथम बंगालींतून शिकावे असा त्यांचा आग्रह असे. पुढें जगाला परिचित झालेल्या कवीनें आपल्या आठवणी लिहितांना या सेजदादांचे, म्हणजे तिसऱ्या भावाचे, कृतज्ञतेनें आभार मानिले आहेत, ते मुख्यतः या एका गोष्टीबद्दल.

मुलांचा दिनक्रम ऐकला तर आजच्या आयांना घाम फुटेल. रवींद्र, त्याच्याहून थोरला सोमेंद्र आणि भाचा सत्यप्रसाद अशी ही तिघांची तुकडी. उजाडण्यापूर्वीं उठून लंगोट कसावयाचा आणि एका डोळ्यानें अधू असलेल्या पहिलवानाशीं आखाड्यांत झुंजावयाचें. अंगावरची माती पुरती झाडली जाते न जाते तोंच अंगरखा चढवून पोथ्यांपुढें बसावयाचें. एक वैद्यकीय विद्यार्थी येऊन हाडांचीं नांवें शिकवी. त्यासाठीं तारांनीं जोडलेला मनुष्याचा सांगाडाच अभ्यासाच्या खोलींत टांगलेला असे. नीलकमल घोषाल नांवाचे पंतोजी बंगाली भाषा, गणित व इतर विषय घेत. यांतच संस्कृत व्याकरणाचीं सूत्रें पाठ करण्याचें काम पडे, अर्थ मागाहून. दहा वाजतां शाळा. साडेचारांच्या सुमारास घरीं परत यावें तों व्यायामाचे मास्तर तयार. ते गेले कीं चित्रकलेचे. दिवेलागणीला इंग्रजीचे अघोरबाबू. रविवारीं तरी सुटका? रविवारीं सकाळीं विष्णु चक्रवर्तींचें गायन, आणि सीतानाथ दत्त यांचे पदार्थविज्ञानाचे प्रयोग. कांचेच्या भांड्यांत पाणी तापवून, त्यांत लांकडाचा भुसा टाकून, ऊन पाणी वर कसें चढतें व थंड पाणी खालीं कसें उतरतें हें त्यांनीं प्रत्यक्ष दाखविलें, तेव्हां त्या लहान मुलाला जें आश्चर्य वाटलें तें म्हातारपणापर्यंत ओसरलें नाहीं. ज्या रविवारीं सीतानाथबाबू येत नसत, तो रविवार त्याला रविवारच वाटत नसे.

हें वर्णन ऐकून हेमेंद्रनाथांना कठोर ठरविणें सोपें आहे. परंतु मुलांच्या भोंवतीं जें वातावरण होतें, त्याचाही विचार केला पाहिजे. थोरले बंधु द्विजेंद्रनाथ ओसरीवर बसून काव्य लिहीत, तत्त्वज्ञानाचा कीस काढीत, आणि त्यांच्या हंसण्यानें वाडा दणाणून जाई. पांचवे बंधु ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर नव्या नव्या चाली बसवीत आणि धाकट्या भावाला त्या चालींवर शब्द रचावयास लावीत. भगिनी स्वर्णकुमारी कादंबऱ्या लिहीत होत्या. १८७७ सालीं या घरांतूनच 'भारती' मासिक निघालें आणि १८८५ सालीं घरांतील मुलांसाठीं 'बालक' नांवाचें मासिक निघालें. त्याच्या संपादिका या घरच्या सूनबाई ज्ञानदानंदिनीदेवी होत. नाटक बसवावयाचें तर नट घरचे, गायक घरचे, पडदे रंगविणारे घरचे आणि प्रेक्षकही निम्मे घरचेच. १८८१ सालीं 'वाल्मीकि-प्रतिभा' हें संगीत नाट्य वाड्यांत झालें, त्यांत वाल्मीकि झाले होते स्वतः रवींद्रनाथ आणि सरस्वती झाली होती हेमेंद्रनाथांची कन्या प्रतिभा. पंतोजींनीं घोकून घेतलेलें तासा-दोन तासांत विसरलें जाई. घरांत रात्रंदिवस जें कानांवर पडे, तें मात्र रक्तांत मिसळून जाई.

या शाळेला दुसरीही एक बाजू होती, ती अंतःपुराची. १८५१ सालीं देवेंद्रनाथांनीं आपली वडील मुलगी सौदामिनी हिला बेथून यांच्या मुलींच्या शाळेंत घातलें, तेव्हां तो प्रतिष्ठित समाजाला धक्काच होता. पुढें मुलींचें व सुनांचें शिक्षण बहुतांशीं घरींच झालें. अयोध्यानाथ पाकडाशी यांच्यासारखे परपुरुष अध्यापक अंतःपुरांत येऊन शिकवूं लागले, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. हेमेंद्रनाथ स्वतः भावजयांना पाठ देत. डोक्यावर पदर ओढून त्या त्यांच्यापुढें बसत आणि त्यांच्या एकेका दरडावणीनें दचकत. दुसरे बंधु सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरींत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली. पत्नी ज्ञानदानंदिनी यांना ते मुंबईस घेऊन आले, तेव्हां एका पारशी कुटुंबांत राहून त्यांनीं साडी नेसण्याची जी पद्धत उचलली, तीच थोड्याफार फरकानें बंगालच्या सुशिक्षित स्त्रियांत रूढ झाली. महाराष्ट्राशीं या घराण्याचा संबंध एवढ्यावरच थांबत नाहीं. सत्येंद्रनाथांनीं तुकारामबुवांचे अभंग बंगालींत उतरविले, आणि १८७८ सालीं विलायतेस जाण्यापूर्वीं रवींद्रनाथांना इंग्रजी बोलण्याचालण्याची संवय व्हावी म्हणून त्यांनीं मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या घरीं ठेविलें. तेथें त्यांची शिक्षिका होती डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा. एका घरच्या शाळेंतला विद्यार्थी दुसऱ्या घरच्या शाळेंत आला, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां ऋतुक्रमाकडे वळूं. मोठ्या कुटुंबाला वर्षाची ओळख सणांवरून होते. परंतु या घरांत सणांचाच प्रश्न बिकट होऊन बसला होता. १८४३ सालच्या पौष महिन्याच्या ७ तारखेस देवेंद्रनाथांनीं ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. वाड्यांत तर पूर्वापार दुर्गापूजा मोठ्या थाटाची. पूजेचे दिवस आले कीं देवेंद्रनाथ प्रवासाला निघून जात. हळूहळू पूजा बंद झाली. गृहदेवतेला घेऊन एक शाखा शेजारच्या घरांत राहावयास गेली, आणि ज्या दालनांत देवीची मूर्ति बसत असे तेथें निराकार ईश्वराची उपासना होऊं लागली. वडिलांचें मन त्यामुळें शांत झालें असेल. पण आश्विन महिन्यांत साऱ्या कलकत्त्यांत ढाक वाजत असतां ज्या घरांतील दालन मुकें राहतें, त्या घरांतील बायकामुलांच्या मनाचें काय? मोडलेल्या सणाची जागा भरून काढल्यावांचून घर चालत नाहीं. ती कशानें भरून काढावयाची, हा त्या कुटुंबापुढें खरा प्रश्न होता.

त्याचें एक उत्तर माघोत्सवानें दिलें. माघ महिन्याच्या ११ तारखेला, १८३० सालीं, ब्राह्मसमाजाचें मंदिर उघडलें होतें. त्या दिवसाचा उत्सव हाच ठाकुरवाड्याचा मुख्य सण झाला. सकाळीं समाजमंदिरांत उपासना, संध्याकाळीं वाड्याच्या अंगणांत दिव्यांचा लखलखाट, आणि दोन्ही वेळीं नवीं गीतें. दरवर्षीं नवीं गीतें रचलींच पाहिजेत असा जणूं दंडक होता. त्यांच्या तालमी आधीं कित्येक दिवस चालत. लहान मुलें कोपऱ्यांत बसून तीं पाठ करून टाकीत. एका माघोत्सवानंतर देवेंद्रनाथांनीं रवींद्रनाथांना चुंचुडा येथें बोलावून घेतलें आणि त्यांचीं नवीं गीतें एकेक करून ऐकलीं. ज्योतिरिंद्रनाथ हार्मोनियम वाजवीत होते. गाणें संपल्यावर महर्षि म्हणाले कीं, देशाच्या राजाला देशाची भाषा कळत असती तर त्यानें कवीचा गौरव केला असता. तें होत नसल्यामुळें तें काम आपणांस केलें पाहिजे. असें म्हणून त्यांनीं ५०० रुपयांचा चेक मुलाच्या हातीं दिला. घरच्या शाळेचें याहून मोठें बक्षीस कोणतें?

बाकीचे ऋतु आपापल्या पावलांनीं येत. उन्हाळ्यांत अंतःपुराची गच्ची हें स्त्रियांचें राज्य होई. महाराष्ट्रांत सांडगे, कुरडया नि आंबापोळी वाळत घालण्याची धांदल असते, तशीच तेथें उडदाच्या वड्या, आंब्याचा वाळविलेला रस आणि सरसूच्या तेलांतलीं लोणचीं यांची धांदल असे. कावळे हांकलण्याचें काम मुलांकडे. चैत्र संपतांना हिंदुमेळा भरे. १८६७ सालीं या मेळ्याचा आरंभ झाला, त्यांत ठाकुरवाड्याचा मोठा हात होता. स्वदेशी कलाकौशल्य, कुस्ती, काव्य, देशभक्तीचीं गाणीं यांचा तो उत्सव होता, आणि १८७५ सालीं तेरा वर्षांच्या रवींद्रानें तेथें आपली कविता वाचून दाखविली. कार्तिकांत भाऊबीज येई. मूर्तिपूजा गेली तरी भावाच्या कपाळीं बहिणीनें टिळा लावावयाचा हा आचार गेला नाहीं. १९४० सालीं, आजारानें खिळलेल्या रवींद्रनाथांच्या कपाळीं त्यांच्या वडील बहीण वर्णकुमारी यांनीं थरथरत्या हातानें टिळा लाविला. भाऊ एकोणऐंशी वर्षांचा, बहीण त्याहून थोरली, आणि इतक्या भावंडांतून मागें उरलेलीं तीं दोघेंच.

पावसाळ्याची एक आठवण तर सुप्रसिद्ध आहे. संध्याकाळीं मुसळधार पाऊस कोसळत आहे, गल्लींत गुडघ्याएवढें पाणी सांचलें आहे, वेळ टळून गेली आहे. तिन्ही मुलें खुर्च्या टाकून गल्लीकडे डोळे लावून बसलीं आहेत, आणि आज अघोरबाबू येऊंच शकणार नाहींत अशी त्यांची खात्री होत चालली आहे. इतक्यांत वळणावरून ती परिचित काळी छत्री दिसते आणि तिघांचीं अंतःकरणें धाड्‌दिशीं खालीं बसतात. हंसूं येतें खरें. परंतु या हंसण्यांत एक खंतही आहे. पावसाळ्याच्या संध्याकाळीं मुलानें पाऊस पाहावा कीं इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करावे, हा प्रश्न त्या गल्लींत उभा राहिला आणि तो त्या मुलाच्या मनांतून कधींच गेला नाहीं.

या थोर घराची उणीव नेमकी येथेंच होती. विद्या होती, कला होती, संपत्ति होती. परंतु लहान मुलाशेजारीं बसावयास मोठ्या माणसांना सवड नव्हती. वडील बहुधा प्रवासांत, आई मोठ्या संसाराच्या व्यापांत व दुखण्यांत. मुलें नोकरांच्या ताब्यांत. श्याम नांवाचा नोकर रवींद्राला एका जागीं बसवून भोंवतीं खडूचें रिंगण काढी आणि तें ओलांडल्यास काय अनर्थ होईल तें सांगून निघून जाई. सीतेची कथा ठाऊक असलेला तो मुलगा तासन् तास त्या रिंगणांत बसून खिडकींतून तळें व वडाचें झाड पाहात राही. ब्रजेश्वर नांवाचा दुसरा नोकर संध्याकाळीं रामायण वाचून दाखवी, पण जेवावयास वाढतांना हात आंखडी. हिंवाळ्यांतही मुलांच्या अंगावर साधे सुती कपडे असत. श्रीमंताच्या घरीं मुलें गरिबासारखीं वाढलीं, हें एका परीनें बरेंच झालें. एकटीं वाढलीं हें मात्र बरें झालें नाहीं.

त्या एकटेपणाला एकदां मोठी सुट्टी मिळाली. १८७३ सालीं मुंज झाली, डोक्याचा गोटा झाला, आणि तसल्या डोक्यानें शाळेंत कसें जावें या चिंतेंत मुलगा असतां वडिलांनीं विचारलें, हिमालयांत येतोस काय? बोलपूर, अमृतसर, डलहौसी असा तो प्रवास झाला. पहांटे संस्कृत, थंड पाण्याचें स्नान, मग इंग्रजी. रात्रीं अंगणांत बसून नक्षत्रांची ओळख. वडिलांनीं पैशांची पेटी व सोन्याचें घड्याळ मुलाच्या स्वाधीन केलें. घड्याळाला किल्ली देण्याच्या उत्साहानें तें बिघडलें, तरी ते रागावले नाहींत. डोंगरांत एकट्यानें हिंडावयास त्यांनीं कधीं मनाई केली नाहीं. परत आल्यावर मुलानें गच्चीवर आईच्या संध्याकाळच्या बैठकींत वाल्मीकीचे मूळ श्लोक म्हणून दाखविले आणि आईचा ऊर अभिमानानें भरून आला. १८७५ सालीं ती माता वारली. शाळा तर त्याच सुमारास सुटलीच. त्या कांहीं महिन्यांत पित्यानें जें दिलें, तें चार शाळांना देतां आलें नव्हतें.

पुढें हाच मुलगा बाप झाला. १८९८ सालीं पत्नी मृणालिनी व पांच मुलांना घेऊन रवींद्रनाथ पद्मातीरावरील शिलाईदह येथें राहावयास गेले. मुलांना शाळेंत घालावयाचें नाहीं हा निश्चय होता. इंग्रजीसाठीं लॉरेन्स नांवाचे साहेब, गणितासाठीं जगदानंद राय, संस्कृतासाठीं शिवधन विद्यार्णव, आणि बंगाली शिकवावयास स्वतः वडील. नदी, शेतें, होड्या व वाळूचीं बेटें हीं मुलांचीं पुस्तकें. या वेळीं मुलांभोवतीं खडूचें रिंगण नव्हतें. तरीही येथें एक कटु सत्य सांगितलें पाहिजे. १९०१ सालीं थोरली माधुरीलता चौदाव्या वर्षीं आणि मधली रेणुका अवघ्या दहाव्या वर्षीं लग्न करून दिली गेली. मुलींसाठीं घरची शाळा लग्नाच्या मुहूर्ताला बंद होते, हा त्या काळचा नियम या थोर पुरुषालाही मोडतां आला नाहीं.

त्याच वर्षीं, पौषाच्या ७ तारखेस, शांतिनिकेतनांत पांच मुलांची शाळा सुरू झाली. त्यांत थोरला मुलगा रथींद्र होता. घरची शाळा आतां उघड्या आकाशाखालीं आली. परंतु घर मात्र विझत चाललें. १९०२ सालीं मृणालिनीदेवी गेल्या, १९०३ सालीं रेणुका गेली. धाकटा शमींद्र आश्रमांतच वाढत होता. १९०७ च्या वसंतपंचमीला या दहा वर्षांच्या मुलाच्या मनांत आलें कीं, आपण ऋतूंचा उत्सव करावा. कांहीं सोबती घेऊन त्यानें तो केला. कोणी वसंत झाला, कोणी वर्षा, कोणी शरद. मोठ्या माणसांच्या आज्ञेवांचून मुलांनीं रचलेला तो सण होता. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत मुंगेर येथें पटकीनें शमींद्र वारला. पांच वर्षांपूर्वीं त्याची आई गेली तीच ती तिथि.

दुःख करीत बसलेल्या घरांत सण होत नाहींत. या पित्यानें मात्र मुलाचा सण मोडूं दिला नाहीं. वर्षामंगल, शारदोत्सव, वसंतोत्सव, १९२८ सालीं सुरू झालेले वृक्षारोपण व हलकर्षण, असे ऋतूंचे उत्सव एकामागून एक शांतिनिकेतनाच्या शिक्षणांत गोंवले गेले आणि आजही ते तेथें होतात. जोडासांकोच्या वाड्यांत १९६२ सालीं रवींद्रभारती विद्यापीठ स्थापन झालें. त्या घराची शाळा अशा रीतीनें खरोखरीच शाळा झाली. परंतु दुर्गापूजा बंद पडल्यानें ज्या दालनांत एक पोकळी निर्माण झाली होती, ती अखेर भरून काढली एका दहा वर्षांच्या मुलाच्या खेळानें.

प्रत्येक घराला पहिलवान, चित्रकार व गवई ठेवणें शक्य नाहीं आणि तशी गरजही नाहीं. शाळा असावी, मास्तर असावे, परीक्षाही असाव्या. परंतु पावसाच्या पहिल्या सरीला खिडकी उघडून मुलाशेजारीं घटकाभर उभें राहणें, रात्रीं गच्चीवर एखादें नक्षत्र ओळखावयास शिकविणें, सणाच्या आदल्या दिवशीं त्याच्या हातीं कांहीं खरें काम सोंपविणें आणि त्यानें तें बिघडविलें तरी न रागावणें, एवढें तर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही होऊं शकतें. तेवढें झालें म्हणजे घर ही शाळा होते. तें न झालें तर वाडा केवढाही असो, मूल आपलें खडूच्या रिंगणांतच बसून राहतें.